छप्पर नसलेलं ऑपेरागृह : व्हेरोनाच्या अरेनातला उत्सव चालतो कसा

पावसाचा पहिला थेंब पडला की व्हेरोनाच्या अरेनात सगळ्यात आधी उठतात ते व्हायोलिनवाले. गायिकेचा सूर टिपेला पोचलेला असो, मंचावर दोनशे माणसं उभी असोत, वाद्यं कोटाखाली धरून तंतुवाद्यांचा अख्खा ताफा चालू लागतो. नवख्या प्रेक्षकाला हा उद्धटपणा वाटतो. पण त्यातली बरीच वाद्यं शंभर-दीडशे वर्षं जुनी असतात आणि ती जोडलेली असतात सरसाने. सरस पाण्यात विरघळतो. पाऊस थांबला, खुर्च्या पुसून झाल्या की हीच मंडळी परत येतात आणि जिथे सोडलं तिथून सुरू करतात. कधी अर्ध्या तासाने, कधी एका रात्रीत दोनदा. कधी येतच नाहीत.

उत्तर इटलीत आदिजे नदीच्या वळणात वसलेल्या या शहरात दर उन्हाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण पन्नास रात्री हा उत्सव चालतो. त्यातल्या बहुतेक चमत्कारिक वाटणाऱ्या प्रथांचं मूळ एकाच गोष्टीत आहे : या जागेला छप्पर नाही, आणि ती गाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. प्रयोग किती वाजता सुरू होतो, कोणतं ऑपेरा निवडलं जातं, कोणत्या तिकिटाला ऐकू नीट येतं, पैसे कधी परत मिळतात, ही सगळी उत्तरं तिथूनच निघतात.

इमारत आधी पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमचं कोलोसियम उभं राहायच्या काही दशकं आधी, तेव्हाच्या शहराच्या तटबंदीबाहेर हे लंबवर्तुळाकार क्रीडागार उभारलं गेलं. खेळ म्हणजे ग्लॅडिएटरांच्या झुंजी आणि जनावरांची शिकार. दगड जवळच्याच व्हाल्पोलिचेल्ला भागातला, गुलाबी-पांढरा चुनखडक. 3 जानेवारी 1117 च्या भूकंपात बाहेरची उंच भिंत जवळजवळ सगळी ढासळली. तिचा उरलेला चार कमानींचा तुकडा आज ‘आला’, म्हणजे पंख, या नावाने ओळखला जातो. पियात्सा ब्रा या मोठ्या चौकातून आपल्याला दिसते ती खरं तर आतली भिंत, दोन मजली, 72 कमानींची. आतलं मोकळं मैदान सुमारे 73 मीटर लांब आणि 44 मीटर रुंद आहे. त्याच्याभोवती दगडी पायऱ्यांच्या 44 रांगा चढत जातात. ऑपेराच्या रात्री मंच लंबवर्तुळाच्या एका टोकाला असतो, त्याच्यामागच्या पायऱ्या नेपथ्यात जातात, आणि तरीही दहा हजारांहून अधिक लोक बसतात. नेहमीच्या मोठ्या ऑपेरागृहात दोन-तीन हजार आसनं असतात, हे लक्षात घेतलं की प्रमाण कळतं.

इथे पहिलं ऑपेरा झालं 10 ऑगस्ट 1913 ला. ऑपेरा-संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांच्या जन्माचं ते शंभरावं वर्ष. व्हेरोनाचेच तेनोर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, जोवान्नी झेनातेल्लो आणि नाट्यव्यवस्थापक ओत्तोने रोव्हातो यांनी पुढाकार घेऊन व्हेर्दींचं ‘आयदा’ बसवलं, संगीत संचालन तुल्लियो सेराफिन यांचं. नेपथ्यकार एत्तोरे फाजुओली यांनी तेव्हाच एक महत्त्वाचा निर्णय घेतला. रंगवलेले पडदे न टांगता त्यांनी खांब, मूर्ती, स्तंभ असं भरीव नेपथ्य उभं केलं. टांगायला वर काही नव्हतंच, हे त्यामागचं साधं कारण, आणि आजही ते तसंच लागू आहे. दोन महायुद्धांतला खंड आणि 2020 चं करोनाचं वर्ष सोडलं तर उत्सव चालूच राहिला. 2023 मध्ये त्याचं शंभरावं पर्व झालं. मारिया कॅलस इटलीत पहिल्यांदा गायली तीही इथेच, 2 ऑगस्ट 1947 ला, ‘ला जोकोंदा’मध्ये.

आता मूळ प्रश्न. गायकांच्या अंगावर माइक नसतो. मग वरच्या रांगेत ऐकू येतं कसं?

उघड्यावर आवाजाचं गणित निर्दय असतं. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. गायकापासून 10 मीटरवर बसलेल्याला जेवढं ऐकू येतं, त्यापेक्षा 80 मीटरवरच्याला 18 डेसिबल कमी. बंद नाट्यगृहात छत आणि भिंती हा तोटा बराच भरून काढतात, आवाज दीडेक सेकंद घुमत राहतो. इथे वर आकाश आहे, तिकडे गेलेला आवाज परत येत नाही. जे काही परत मिळतं ते मंचाच्या लाकडी जमिनीवरून, नेपथ्याच्या कठीण पृष्ठभागांवरून आणि दगडी पायऱ्यांवरून. म्हणून कापडी, मऊ नेपथ्य इथे दुहेरी नुकसान करतं : वाऱ्याने फडफडतं आणि आवाज गिळतं.

दुसरा भाग गळ्याचा. ऑपेराच्या तालमीत तयार झालेला, विशेषतः पुरुषाचा आवाज सेकंदाला सुमारे 3000 कंपनांच्या आसपास एक खास धार धरतो. वाद्यवृंदाचा जोर असतो 500 च्या आसपास, आणि 3000 पर्यंत तो पुष्कळ ओसरलेला असतो. माणसाचा कान मात्र याच पट्ट्यात तीक्ष्ण. म्हणजे शंभराच्या घरातल्या वादकांवर एकटा गायक मात करतो ती नुसत्या ताकदीवर नव्हे. तो मोकळ्या खिडकीतून आवाज काढून देतो. माइक यायच्या आधी आपल्या संगीत नाटकांतले नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे त्यातही ही धार मोठं काम करत असणार.

इथे गायकाचं नेमकं चुकतं काय? बंद नाट्यगृहात त्याला स्वतःचा आवाज भिंतींवरून परत ऐकू येतो, त्यावर तो जोर ठरवतो. अरेनात परत काहीच येत नाही. आपण पोचत नाही आहोत असं वाटून नवा गायक आवाज ढकलू लागतो. ढकललेल्या आवाजात धार कमी होते, म्हणजे तो आणखी कमी पोचतो. मग आणखी जोर. तिसऱ्या अंकापर्यंत गळा बसलेला. मुरलेले गायक शरीरातल्या कंपनांवर विश्वास ठेवतात आणि कानाला गप्प बसवतात. एका हंगामात एकाच भूमिकेसाठी तीन-चार गायक आळीपाळीने असतात तेही याचसाठी. एका गळ्याला सलग रात्री इथे झेपत नाहीत. (म्हणून विशिष्ट गायकासाठी जाणार असाल तर ऑपेराच्या नावावर जाऊ नका, त्या तारखेची कलावंतांची यादी पाहून तिकीट काढा.)

आवाजाइतकंच अवघड आहे वेळेचं प्रकरण. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ‘आयदा’त समूहगायकांची एक फळी वरच्या पायऱ्यांवर, वाद्यवृंदापासून 50 मीटरवर उभी आहे असं समजा. वाद्यांचा ठोका त्यांच्यापर्यंत पोचायला सुमारे 0.15 सेकंद लागतात. तो ऐकून त्यांनी गायलं तर त्यांचा आवाज खाली यायला पुन्हा तेवढेच. एकूण 0.3 सेकंद. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे समूह अर्ध्या मात्रेहून जास्त मागे पडला. मैफलीत तबलजी एवढा मागे राहिला तर गायक वळून बघेल.

यावर उपाय एकच : कानांनी गायचं नाही, डोळ्यांनी गायचं. सगळ्यांची नजर संचालकाच्या छडीवर. लांबच्यांना ती दिसत नाही, म्हणून नेपथ्याच्या आडोशाला साहाय्यक संचालक उभे असतात. ते मॉनिटरवर मुख्य संचालकाला पाहून हातातल्या दिव्याने किंवा उजळ छडीने मात्रा पुढे देतात. लांबच्या फळीला ठोक्याच्या किंचित आधी सुरुवात करायची सवय लावली जाते. ज्याला ऐकून गाण्याची खोड आहे त्याला हे फार जड जातं, कारण कान सतत सांगत असतात की आपण घाई करतोय. हंगामाच्या पहिल्या एक-दोन रात्री समूह आणि वाद्यवृंद यांच्यात फट जाणवली तर कारण बहुधा हेच.

हवेचाही हात असतो. रात्र चढते, तापमान उतरतं, तसा फुंकवाद्यांचा स्वर उतरतो, कारण थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. 10 अंशांच्या फरकाने तात्त्विक हिशेबात पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा सरकतो. वादकाचा श्वास नळी गरम ठेवतो म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण पडतो. तारांचं उलट, गारव्याने त्या ताणल्या जातात. त्यामुळे प्रत्येक मध्यंतरानंतर वाद्यं नव्याने जुळवावी लागतात. वाऱ्यासाठी मात्र अगदी घरगुती तोड आहे : स्वरलिपीच्या पानांना चिमटे.

रंगमंचाकडे वळू. नेहमीच्या ऑपेरागृहात मंचाच्या वर उंच पोकळी असते, तिथून पडदे, देखावे, दिवे खाली-वर होतात, आणि समोर दर्शनी पडदा असतो. इथे पोकळी नाही, पडदाही नाही. सुरुवात झाली हे प्रेक्षकांना कळावं म्हणून वेशभूषेतली एक व्यक्ती मंचावर येऊन घंटेची मोठी थाळी वाजवते; आपल्या नाटकांच्या तिसऱ्या घंटेसारखंच. अंकबदल बराचसा उघड्या डोळ्यांसमोर होतो, आणि भरीव नेपथ्य हलवायचं असल्याने मध्यंतरं लांबतात. ‘आयदा’चं नुसतं संगीत अडीच तासांच्या आसपास, मध्यंतरं धरून रात्र साडेतीन तासांची होते.

त्यातून उत्सवात रोज वेगळं ऑपेरा. आज ‘कार्मेन’, उद्या ‘नाबुक्को’, परवा ‘आयदा’. नेपथ्याचे भाग पियात्सा ब्रा चौकात ठेवलेले असतात. दुपारी तिथे फिरताना सुट्टे स्फिंक्स, खांब आणि मूर्तींची डोकी पर्यटकांच्या गर्दीत बसलेली दिसतात. प्रयोग संपला की ते सुटे करायचे, क्रेनने भिंतीवरून बाहेर काढायचे, दुसऱ्या ऑपेराचे आत सोडायचे, आणि संध्याकाळपर्यंत मंच तयार. यात सगळ्यात महाग वस्तू वेळ. रात्री पावसाने प्रयोग तासभर लांबला की उतरवणं तासभर उशिरा, आणि धक्का दुसऱ्या दिवशीच्या तालमीपर्यंत जातो. प्रकाशयोजनेची तालीम तर अंधार पडल्यावरच होऊ शकते, म्हणजे ती मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चालते. आणि क्रेनखाली दोन हजार वर्षांचा दगड आहे हे विसरून चालत नाही. जानेवारी 2023 मध्ये नाताळनिमित्त उभारलेला पोलादी धूमकेतू उतरवताना आत कोसळला आणि काही पायऱ्या फुटल्या. ते काम ऑपेराचं नव्हतं, पण धोका तोच.

2021 मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे मंचावर माणसं कमी ठेवायची होती, म्हणून भरीव नेपथ्याऐवजी प्रचंड एलईडी पडदे आले. ते स्वस्त पडतात, चटकन बदलतात. तरी दगडाच्या या कढईत चकचकीत पडदा उपरा दिसतो, आणि गायकाचा चेहरा त्यापुढे हरवतो.

कोणती ऑपेरा निवडली जातात तेही आता आपोआप कळेल. 80 मीटरवरून भुवई उंचावलेली दिसत नाही, मिरवणूक दिसते. म्हणून ‘आयदा’, ‘नाबुक्को’, ‘कार्मेन’, ‘तुरांदोत’, ‘तोस्का’ ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि ‘आयदा’ सर्वांत जास्त. तिच्या विजययात्रेच्या प्रवेशासाठी व्हेर्दींनी लांब सरळ तुताऱ्या मागितल्या होत्या : तीन एका पट्टीत, तीन दुसऱ्या. एक तिकडी वाजून थांबते, दुसरी वरच्या पट्टीत उत्तर देते, आणि त्या मंचाच्या दोन बाजूंना उभ्या केल्या की ही उंच उडी अरेनात अंगावर येते. याउलट मोझार्टचं नाजूक, चौघापाचांचं नाट्य इथे विरतं. त्याचं इथे झालेलं पहिलं ऑपेरा ‘दोन जोवान्नी’, आणि ते यायला 2012 उजाडलं. हलकंफुलकं काही करायचंच तर युक्ती लागते. ऊगो दे आना यांनी रोस्सिनीचं ‘सेव्हिलचा न्हावी’ बसवताना माणसापेक्षा मोठे गुलाब लावून सगळ्या पात्रांना बागेतल्या किड्यांएवढं केलं.

पैशांचं सांगायचं तर उत्सव चालवते ती ‘फोंदात्सियोने अरेना दी व्हेरोना’ ही संस्था. इटलीत ऑपेरा आणि सिम्फनीसाठी अशा 14 संस्था आहेत. 1996 च्या कायद्याने जुनी सरकारी मंडळं खासगी स्वरूपाची प्रतिष्ठानं झाली, पण राज्याचं अनुदान कायम राहिलं. व्हेरोनाचं वेगळेपण हे की तिच्या उत्पन्नात तिकीटबारीचा वाटा इतरांपेक्षा खूपच मोठा. ऐकायला छान, पण याचा अर्थ ओला उन्हाळा थेट ताळेबंदात उतरतो. शिवाय हीच संस्था हिवाळ्यात तेआत्रो फिलार्मोनिको या बंद नाट्यगृहात हंगाम चालवते, तिथे तिकिटांतून तेवढं सुटत नाही. 2016 मध्ये परिस्थिती इतकी बिकट झाली की सरकारला विशेष आयुक्त नेमावा लागला, आणि कायमचा बॅले संच बंद झाला. 2014 पासून इटलीत ‘आर्ट बोनस’ नावाची सवलत आहे : संस्कृतीसाठी दिलेल्या देणगीच्या 65 टक्के रक्कम करातून वजा मिळते. स्थानिक उद्योगांच्या देणग्यांना त्यामुळे बळ आलं.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी. जागा मुख्यतः दोन प्रकारच्या : मैदानातल्या खुर्च्या, म्हणजे ‘प्लातेआ’, आणि पायऱ्या, म्हणजे ‘ग्रादिनाता’. वरच्या पायरीचं तिकीट तीसेक युरोंपासून, पुढच्या खुर्च्या तीनशेच्याही वर. महाग ते चांगलं असा सरळ हिशेब मात्र करू नका. मैदान जवळजवळ सपाट आहे. मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पुढच्या शेकडो डोक्यांना घासत जातो आणि वाटेत शोषला जातो. मंचासमोरच्या पायऱ्यांवर, मधल्या उंचीवर, आवाज थेट पोचतो आणि अख्खा मंचही दिसतो. अगदी बाजूच्या विभागांतून मंचाची एक बाजू कापली जाते. आमच्या मते पहिल्या रांगा परवडत नसतील तर मधल्या महागड्या खुर्च्यांपेक्षा समोरची पायरी घ्यावी. तिकिटावर आसनक्रमांक आहे की नुसता विभाग, ते नीट पाहा. नुसता विभाग असेल तर लवकर जाऊन जागा धरावी लागते. प्रवेशाच्या कमानीचा क्रमांकही तिकिटावर असतो. चुकीच्या दाराशी गेलात तर अख्ख्या इमारतीला वळसा.

दगड दिवसभर तापलेला असतो. रात्री नऊला तो चटके देतो, बाराला गारठतो. उशी भाड्याने मिळते, ती घ्याच. पाठीला टेकू नसतो हे वेगळंच. पातळ शाल बरोबर ठेवा. काचेच्या बाटल्या, डबे, मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. छत्री उघडली तर मागच्या दहा जणांचा मंच जातो, म्हणून रेनकोट. खुर्च्यांच्या विभागात बऱ्यापैकी नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो, हाफपँट घालून गेलात तर अडवतील. वरच्या पायऱ्यांवर कोणी बघत नाही. दुर्बीण नेलीत तर एक गंमत दिसेल : गायकाचे ओठ आधी हलतात, सूर पाव सेकंदाने पोचतो. कथा मात्र आधी वाचून जा.

सुरुवातीची वेळ सूर्यावर ठरते. जूनच्या अखेरीस इथे नऊच्या सुमारास मावळतं, म्हणून प्रयोग सव्वानऊ-साडेनऊला. ऑगस्टअखेर सूर्यास्त आठच्या आत-बाहेर, तेव्हा वेळही अलीकडे येते. दिवे मंद होताना पायऱ्यांवर हजारो छोट्या मेणबत्त्या पेटायच्या ही इथली जुनी रीत; सुरुवातीच्या काळात अंधारात संहिता वाचायला लोक त्या आणत असं सांगतात. आवडलेल्या गाण्याला ‘बिस!’ अशी हाक उठते, म्हणजे आपला वन्स मोअर. ‘नाबुक्को’तलं गुलाम यहुद्यांचं समूहगान बहुतेक वेळा पुन्हा गायलं जातंच.

पावसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचा, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात. आकाश काळं असलं तरी ठरलेल्या वेळेआधी प्रयोग रद्द होत नाही. थांबवून ठेवतात, कधी दोन तासांहूनही जास्त. सुरूच झाला नाही तर पैसे परत. एकदा पहिला सूर वाजला आणि मग पावसाने बंद पडला तर पूर्ण परताव्याची आशा सोडा. म्हणून ढगाळ रात्री सुरुवातीचे स्वर कानावर पडताच काही जाणकार हसतात ते आनंदाने नसतं. हाताशी दोन रात्री असतील तर तिकीट पहिल्या रात्रीचं काढावं. रद्द झाल्यास दुसरी उरते.

मुक्काम व्हेरोनातच ठेवा. पोर्ता नुओव्हा स्थानक चौकापासून वीस मिनिटं चालत आहे, पण प्रयोग मध्यरात्रीनंतर संपतो आणि तोवर मिलान-व्हेनिसच्या गाड्या सहसा गेलेल्या असतात. दहा हजार माणसं एकदम उठतील तेव्हा चेंगराचेंगरी होईल ही भीती मात्र नको. पायऱ्यांच्या मधोमध उघडणारी बाहेर जायची दारं रोमन स्थापतींनी याच कामासाठी ठेवली होती. ती अजूनही काही मिनिटांत सगळ्यांना चौकात आणून सोडतात, जिथल्या खानावळी त्या वेळी नुकत्या भरायला लागलेल्या असतात.